मेक्सिको-स्पेनमधली गावसंताची जत्रा शाळेच्या प्रदर्शनात मांडायची आहे, नेमकी माहिती हवी

बोरीकाठ

राम राम मंडळी. पारोळा तालुक्यातल्या आमच्या शाळेत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गॅदरिंगसोबत ‘देशोदेशीच्या जत्रा’ हे प्रदर्शन ठेवलंय. आठवी-नववीच्या चाळीस मुलांकडे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतले गावसंतांचे उत्सव हा विषय आलाय. जागा म्हणजे एक वर्गखोली आणि तिच्यापुढचा २० फूट लांब, ६ फूट रुंद व्हरांडा. खर्चाला सहा हजार रुपये.

आतापर्यंत ठरलं ते असं: स्पेनमधल्या पामप्लोनाच्या बैलांच्या धावण्याचं मोठं चित्र, कवट्या कोरलेल्या कागदी पताका आणि मधोमध टांगलेली पिन्याटा, म्हणजे खाऊ भरून काठीने फोडायचं भांडं. पण वाचता वाचता शंका यायला लागली की हे तीन वेगळ्या सणांचे तुकडे तर नाहीत? संताचा दिवस कसा ठरतो, उत्सव किती दिवस चालतो, खर्च आणि मान कोणाकडे असतो, हे मुलांना नीट सांगायचंय. रस्त्यावर भुशाची रांगोळी घालतात ती मुलांना जमेल का, भुसा किती लागेल? शिवाय मुलांच्या आयांना करता येईल असा एखादा शाकाहारी पदार्थ सुचवा. आणि फलकावर संताला ‘ग्रामदैवत’ म्हटलं तर चालेल का?

पांझरातीर

सर, शंका रास्त आहे. कवट्यांच्या पताका १ आणि २ नोव्हेंबरला येणाऱ्या मृतांच्या सणाच्या. पिन्याटा मेक्सिकोत मुळात १६ ते २४ डिसेंबरच्या पोसादांमधली, म्हणजे नाताळाआधीच्या नऊ रात्रींच्या उत्सवातली, आता ती वाढदिवसालाही फोडतात. पामप्लोनाचा उत्सव मात्र खराच गावसंताचा, सान फेर्मिनचा. ६ जुलैला दुपारी १२ वाजता नगरपालिकेच्या सज्जातून दारूचा बाण उडतो तेव्हा तो सुरू होतो आणि १४ जुलैच्या मध्यरात्री संपतो. बैल ७ ते १४ जुलै रोज सकाळी ८ वाजता धावतात, अंतर साधारण ८५० मीटर, दोन-तीन मिनिटांत खेळ आटोपतो. संताची मिरवणूक ७ तारखेला निघते. भिंतीवर नुसते बैल लावले तर ज्याच्यासाठी सगळं चाललंय तो संतच चित्रातून गायब होतो.

माझा आग्रह असा की एकच संत घ्या आणि त्याच्याभोवती सगळं मांडा. आपल्या मुलांना सगळ्यात जवळचा वाटेल तो सान इसिद्रो लाब्रादोर. ‘लाब्रादोर’ म्हणजे नांगर धरणारा. बाराव्या शतकात माद्रिदजवळ इव्हान दे वार्गास नावाच्या जमीनदाराकडे तो शेतमजूर होता. फलकावर सरळ ‘सालदार’ लिहा, खान्देशात दुसरं काही समजावून सांगायला नको. आख्यायिका अशी, की तो प्रार्थनेत वेळ घालवतो म्हणून मालकाकडे चुगली झाली. मालक बघायला आला तर इसिद्रो प्रार्थना करतोय आणि देवदूत बैलजोडी हाकताहेत. १२ मार्च १६२२ ला रोममध्ये त्याला संतपद मिळालं. तो माद्रिदचा आणि शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत. दिवस १५ मे.

हा दिवस कॅथलिक पंचांगात इंग्रजी तारखेला बांधलेला आहे, तिथीसारखा सरकत नाही. काही सण मात्र ईस्टरला धरून पुढेमागे होतात. मेक्सिकोतल्या मेतेपेकला इसिद्रोची मोठी शेती-मिरवणूक पेंटेकॉस्टनंतरच्या (ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारनंतरच्या) मंगळवारी असते, म्हणून तिची तारीख दरवर्षी बदलते. आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे १५ मेच्या सणाला ६ ते १४ मे रोज प्रार्थना. १४ ची संध्याकाळ ही पूर्वसंध्या. आपल्या पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी मुलांना आठवून द्या, आदल्या दिवसाचं महत्त्व पटकन कळेल. १५ ला मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मिरवणूक, जेवण. मोठ्या ठिकाणी आठव्या दिवशी, म्हणजे २२ ला, समारोप. मोजताना चूक होते ती इथेच: आठवा दिवस सणाचा दिवस धरून मोजायचा.

आता पैसा आणि मान. या विषयातला गाभा हाच आहे आणि प्रदर्शनांत नेमका तोच गळतो. मेक्सिकोच्या पुष्कळ गावांत ‘मायोर्दोमो’ नेमतात. एक घर वर्षभरासाठी संताची जबाबदारी घेतं: फुलं, मेणबत्त्या, वाजंत्री, फटाके आणि गावजेवण. मूर्ती कधी चर्चमध्ये राहते, कधी मायोर्दोमोच्या घरी. सण संपताना पुढच्या घराकडे जाहीरपणे सोपवतात. खर्च एकट्याला झेपत नाही, म्हणून सोयरे आणि शेजारी वाटून घेतात. कुणी फुलांचं, कुणी बँडचं, कुणी तांदळा-मक्याचं. ज्याने दिलं त्याच्या पाळीला परत करायचं, हे तोंडी बांधलेलं असतं. मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्कोत निन्योपा नावाच्या बालयेशूचा यजमान होण्यासाठी कित्येक वर्षं आधीच नंबर लागलेले असतात, हस्तांतर दर २ फेब्रुवारीला. स्पेनमध्ये हेच काम गावची नगरपालिका आणि ‘कोफ्रादिया’, म्हणजे भक्तमंडळ, मिळून करतात.

तुलना आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या उत्सवाशी करायचा मोह होईल, पण जपून. कानबाईचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेर जात नाहीत. मायोर्दोमोचं जेवण उलट, जो येईल त्याचं. ते आपल्या भंडाऱ्याजवळ जातं. मान पिढीजात नसून फिरता आहे, हाही फरक लिहा.

‘ग्रामदैवत’ लिहू नका, ‘आश्रयदाता संत’ लिहा. कॅथलिक शिकवणीत उपासना देवाची, संताकडे मागायचं ते ‘आमच्यासाठी देवाजवळ शब्द टाक’ असं. त्यामुळे प्रतिमेपुढे नारळ फोडणं, हळदकुंकू, नैवेद्य यांतलं काही ठेवू नका. फुलं आणि मेणबत्त्या ठेवा. नवसाचं साम्य मात्र निर्धास्त दाखवा. बरं झालेल्या अवयवाची धातूची छोटी आकृती, हात, पाय, डोळे, हृदय, मेक्सिकोत संताला वाहतात. तिला ‘मिलाग्रो’ म्हणतात, म्हणजे चमत्कार. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात तसंच.

रंगवखार

भुशाचं मी सांगतो. मेक्सिकोच्या त्लास्काला राज्यात उआमांत्ला गाव आहे. तिथे १४ ऑगस्टच्या रात्री काही किलोमीटर रस्ता रंगीत भुशाच्या गालिच्यांनी भरतात, पहाटे त्यावरून येशूच्या आईची, मारियेची मूर्ती जाते. त्या रात्रीचं नावच ‘कुणी झोपत नाही ती रात्र’. ग्वातेमालाच्या अँटिग्वात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात असेच गालिचे घालतात. मेक्सिकोतल्या इतर अनेक गावांतही सणाला घालतात, म्हणून इसिद्रोच्या मांडणीत तो बसतो, फक्त फलकावर कला कुठली ते लिहा.

तुमच्या ६ फुटी व्हरांड्यात गालिचा ४ फुटांपेक्षा रुंद नको, दोन्हीकडून एक-एक फूट वाट हवी. १२ फूट बाय ४ फूट धरा. खालचा थर २ सेंटिमीटर म्हणजे ९० लिटर भुसा. वरचा रंगीत थर अर्धा सेंटिमीटर, २२ लिटर, पण पाच रंगांत वाटताना प्रत्येकाचा उरतोच, म्हणून ४० लिटर रंगवा. ५० किलो गव्हाच्या गोणीत साधारण ६५ लिटर मावतं. ओला झाला की भुसा दबतो, तेव्हा तीन गोण्या सांगा.

कुठला भुसा हे फार महत्त्वाचं. वखारीत सागाचा मिळतो तो तपकिरी, त्यावर पिवळा आणि गुलाबी उठत नाही. तो खालच्या थराला घाला. रंगवायला पॅकिंगच्या खोक्यांच्या पांढऱ्या लाकडाचा हवा. प्लायवूडची धूळ अजिबात नको, तिच्यात डिंक असतो आणि ती मुलांच्या छातीत जाते. आधी गव्हाच्या चाळणीने चाळा. चिपट्या राहिल्या की साच्याखाली फट पडते आणि कड फिसकटते.

रंग कापडाचा घ्या, रांगोळीचा नको. रांगोळीची पूड भुशाला धरत नाही, खाली झडते. १० लिटर भुशाला २० ते ३० ग्रॅम रंग, दोन लिटर गरम पाण्यात मूठभर मीठ टाकून विरघळवा, घमेल्यात भुसा कालवा, हातात रबरी मोजे घालून. मग सावलीत पसरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकाच ओला ठेवायचा. पूर्ण वाळला तर वाऱ्याने उडतो. जास्त ओला राहिला तर शेजारच्या रंगात झिरपतो, लाल-पांढरा तर हमखास.

घालताना खाली ताडपत्री, कडांवर विटा. खालचा थर ओला करून फळीने सपाट करा. साचे जाड पुठ्ठ्याचे, प्रत्येक रंगाला वेगळा. चाळणीतून रंग पाडा, पुठ्ठा सरळ वर उचला, ओढू नका. ओढला की गेलं. मधल्या भागाला हात पोचत नाही म्हणून दोन्ही बाजूंना विटांची चवड रचून वर लांब फळी टाका, मुलांनी तिच्यावर बसून काम करायचं. सुरुवात मधून, मग कडांकडे. दर तासाला वरून बारीक फवारा मारा. शेतातला पाठीवरचा पंप चालेल, पण ज्यातून औषध किंवा तणनाशक मारलंय तो नको, नवा किंवा घरातली बाटली घ्या. दहा-बारा मुलांना साचे तयार असताना चार तास पुरतात. साच्यांना आधीचे दोन दिवस द्या.

एक नियम पाळा. मिरवणुकीतली मूर्ती जाईपर्यंत गालिच्यावर कुणाचाही पाय पडत नाही, आणि ती गेल्यावर तो मोडलेलाच शोभतो. फोटोसाठी जपून ठेवू नका. झाडल्यावर रंगीत भुसा गुरांपुढे किंवा खतात टाकू नका.

कागदकातर

कवट्या काढल्या तरी पताका काढू नका. ‘पापेल पिकादो’, म्हणजे हा कोरलेला कागद, बारा महिने लागतो, सणाप्रमाणे चित्र बदलतं. इसिद्रोला नांगर, बैलजोडी, कणीस, पक्षी, फुलं. पुएब्ला राज्यातलं सान साल्व्हादोर उइश्कोलोत्ला हे या कामाचं गाव. तिथले कारागीर पातळ कागदाचे ४०-५० ताव एकावर एक ठेवून, शिशाच्या पत्र्यावर, छिन्नी-हातोडीने एकदम कोरतात. मुलांच्या हाती छिन्नी नको. पतंगाचा कागद घ्या, पाच ताव एकत्र घडी घालून कातरीने कापा.

आकार ५० बाय ३५ सेंटिमीटर. वरची ३ सेंटिमीटर पट्टी कोरी सोडा, ती दोऱ्यावर दुमडून चिकटवायची. दोन नक्ष्यांमधला कागदी पूल किमान अर्धा सेंटिमीटर हवा, नाहीतर वाऱ्याने पहिल्या तासात तुकडा लोंबायला लागतो. खळ घट्ट शिजवा आणि बोटाने अगदी पातळ लावा. पातळ खळीने कागद सुरकुततो. २० फुटांच्या ओळीला मध्ये ५ सेंटिमीटर सोडून ११ पताका बसतात, तीन ओळींना ३३. पहाटेच्या दवाने पतंगी कागद लोंबतो आणि भिंतीला रंग लागतो, म्हणून रात्री बांधून ठेवू नका, सकाळी आठनंतर बांधा.

याहून मोलाची गोष्ट मेतेपेकची. तिथल्या मिरवणुकीत बैलजोड्या आणि ट्रॅक्टरवर बियांची चित्रं असतात, संताची प्रतिमा सगळी धान्याने भरलेली. हे आपल्या मुलांनी करायलाच हवं. २ बाय ३ फुटांचा प्लाय, त्यावर पेन्सिलने चित्र, मग फेविकॉल लावून तळहाताएवढ्या भागात बी पसरून दाबायचं. एकदम सगळीकडे लावला तर बी पोचेपर्यंत वाळतो. ज्वारी चेहऱ्याला, मसूर आणि बाजरी मातीला, मूग शेताला, उडीद केसांना आणि नांगराला, मका प्रभावळीला, तीळ बारीक रेघांना. सगळं मिळून दोन ते अडीच किलो. आदल्या आठवड्यात धान्याला दोन कडक उन्हं दाखवा, नाहीतर टोके होतात. लागवडीचं बियाणं वापरू नका, त्याला विषारी औषध चोळलेलं असतं. आडवं ठेवून एक पूर्ण दिवस वाळवा, लवकर उभं केलं की मका आधी घसरतो. शाळेत उंदीर असतील तर रात्री कपाटात.

चुलीपुढे

ताईंसाठी तामाल सांगते, म्हणजे मक्याचं पीठ पानात बांधून वाफवलेला पदार्थ. मेक्सिकोच्या दक्षिणेकडे, ओआहाकात, तामाल केळीच्या पानात बांधतात, आणि जळगाव-रावेरकडून केळीची पानं हवी तितकी मिळतात. १०० लहान तामालांना सव्वादोन किलो मका लागतो. बाजारातला खायचा मका घ्या, बियाण्याच्या पिशवीतला नको.

मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा. किलोला १० ग्रॅम कोरडा खायचा चुना, पानाला लावायचा ओला असेल तर २० ग्रॅम, तीन लिटर पाणी. स्टीलचं पातेलं घ्या, चुना ॲल्युमिनियम खातो. ४० मिनिटं मंद उकळी, मग रात्रभर त्याच पाण्यात. सकाळी पाणी ओता, दाणे हातांवर चोळून दोन-तीनदा धुवा. थोडी साल राहू द्या, तिनेच पीठ बांधलं जातं. ही पायरी वगळून गिरणीतल्या मक्याच्या पिठाचे केले तर सोडताना भुगा होतो, कारण चुन्याशिवाय मक्याला चिकटपणाच येत नाही.

पिठाच्या गिरणीवर ओलं दळून देत नाहीत. इडलीच्या दगडी ग्राइंडरमध्ये अगदी कमी पाण्यात वाटा. चार किलोच्या आसपास पीठ होईल. दर किलोला २५० ग्रॅम वनस्पती किंवा थिजलेलं साजूक तूप, दीड चमचा मीठ, दीड चमचा बेकिंग पावडर, ३०० मिली कोमट पाणी. मूळ पदार्थात डुकराची चरबी असते, फलकावर ते प्रामाणिकपणे लिहा. तूप आधी एकटंच पांढरं होईपर्यंत फेटा, मग पीठ घाला. तेल फेटून फुगत नाही, म्हणून तेलाचे तामाल दडस होतात. झालं का ते बघायला चिमूटभर पीठ वाटीभर पाण्यात टाका. तरंगलं तर झालं, बुडालं तर अजून फेटा.

पानाची मधली शीर काढा, जाळावरून झरकन फिरवा, रंग गडद आणि चकचकीत झाला की ते वाकतं. कच्चं पान घडीवर चिरतं. ६० ग्रॅम पीठ थापा, मध्ये भाजून सोललेल्या जाड मिरचीच्या पट्ट्या आणि पनीर. मेक्सिकोत मिरची-चीजचे तामाल असतातच, तेव्हा हा बदल ओढूनताणून केलेला नाही. चौकोनी घडी घाला, सुतळीने बांधा. चाळणीच्या भांड्यात एक तास वाफवा. तळाच्या पाण्यात एक स्वच्छ नाणं टाका. ते खुळखुळतंय तोवर पाणी आहे, आवाज बंद झाला की लगेच उकळतं पाणी घाला. पान न चिकटता सुटलं की उतरवा, आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. गरम असताना सोडले तर मऊ लागतात आणि लोक म्हणतात कच्चे राहिले.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इसिद्रोच ठरला, बियांचं चित्र आणि गालिचा दोन्ही करतोय. मुलांना छोटी मिरवणूकही काढायचीय, वर्गातून निघून व्हरांड्यातल्या गालिच्यावरून. मूर्ती कशी न्यावी, पुढे-मागे कोण? आणि शोभेच्या दारूचं काय करावं?

पांझरातीर

मूर्ती ‘आंदास’वर नेतात, म्हणजे खांद्यावरचा पाट. २ बाय अडीच फुटांची फळी, खाली ७ फुटांचे दोन वासे सव्वा फूट अंतरावर, दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्यांनी जखडलेले. मूर्ती कागदाच्या लगद्याची, १० किलोच्या आत, आणि तिचा पाया फळीला स्क्रूने बसवा, दोरीने बांधलेली मूर्ती पहिल्या वळणाला झुकते. चार खांदेकरी, चार बदली. निवडताना उंची डोक्याची नव्हे, खांद्याची मोजा. एकाचा खांदा दोन बोटं वर असला की सगळं ओझं त्याच्यावर येतं. स्पेनच्या सेव्हिल्यात मूर्ती वाहणाऱ्यांची अशी उंची जुळवायला सणाआधी वेगळी बैठकच घेतात. तिथे पुढचा ‘कापाताझ’ चौथऱ्याला बसवलेल्या ठोकणीने ठोका देतो, त्याबरोबर सगळे एकदम उचलतात. चौथऱ्याखाली शिरून तो वाहणाऱ्यांना वाट दिसत नाही, ते त्याच्या आवाजावर चालतात. जळगावच्या रथाच्या चाकाला मोगरी, म्हणजे लाकडी अडण, लावणाऱ्यांवर जशी सगळी भिस्त असते तशीच. तुमच्याकडेही ठोका देणारा एकच ठेवा, दोघांनी हुकूम दिले की पाय चुकतात. पावलं आखूड, गालिच्यावर आणखी आखूड, ताडपत्रीवर ओला भुसा घसरतो. म्हणून अनवाणी किंवा कॅनव्हासच्या बुटात.

क्रम: पुढे क्रूस आणि दोन मेणबत्त्या, मग लहान मुलं फुलं घेऊन, मग मायोर्दोमो झालेली मुलगी किंवा मुलगा, मग मूर्ती, शेवटी वाजंत्री. बियांचं चित्र आणि मातीची बैलजोडी मूर्तीच्या पुढे न्या. जिवंत बैल व्हरांड्यात आणू नका, ढोलाने बुजतात.

दारू उडवायची नाही. मेक्सिकोच्या तुल्तेपेकमध्ये शोभेच्या दारूचं काम पिढ्यानपिढ्या चालतं, ८ मार्चला तिथे कारागिरांच्या संताचा, सान हुआन दे दिओसचा सण असतो, आणि त्याच गावच्या फटाका बाजारात २० डिसेंबर २०१६ ला मोठा स्फोट होऊन माणसं दगावली. तिथले ‘कास्तियो’ म्हणजे उंच सांगाडे, त्यांवर दारूने फिरणारी चाकं. तुम्ही ८ फुटी बांबूचा सांगाडा उभा करून त्यावर कागदी भिरभिरी लावा, वाऱ्याने फिरतील. बांबू दोन फूट जमिनीत गाडा किंवा वाळूच्या चार गोण्यांनी दाबा, वरच्या टोकाकडून दोन ताण द्या.

शेवटी हस्तांतर विसरू नका. मूर्ती खाली ठेवली की यंदाच्या मुलाने पुढच्या वर्षीच्या आठवीतल्या एकाच्या हातात फुलांची परडी आणि खर्चाची वही द्यायची, सगळ्यांसमोर, नाव मोठ्याने घेऊन.